‘मीठ कमी’चा दिवा लागला तरी मिठाची गोणी उचलू नका

ब्रिस्बेनमध्ये घर घेताना आम्ही स्वयंपाकघर पाहिलं, छपराची पन्हाळी पाहिली, वाळवीची तपासणी करून घेतली. मागच्या अंगणातल्या पूलकडे मात्र ‘छान आहे’ एवढंच म्हणून पुढे गेलो. विकणाऱ्यानं क्वीन्सलँडच्या कायद्याप्रमाणे पूल सेफ्टी सर्टिफिकेट दिलं होतं, त्यामुळे पूलचं सगळं तपासलेलंच आहे अशी माझी समजूत. ते सर्टिफिकेट कुंपणाचं आणि फाटकाचं असतं, यंत्राचं नाही, हे जुलैत कळलं.

जुलै म्हणजे इथला हिवाळा. आमचा पूल खाऱ्या पाण्याचा, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र, क्लोरिनेटर, बसवलेला. पंपाशेजारी भिंतीवर लावलेल्या त्याच्या विजेच्या डब्यावर ‘लो सॉल्ट’चा दिवा लागला. मीठ कमी म्हणतोय, तर घालू मीठ! वीस-वीस किलोच्या चार गोण्या आणून ओतल्या. दिवा ढिम्म. मग पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं, तर मीठ ६८०० पीपीएम, म्हणजे लिटरला ६८०० मिलिग्रॅम निघालं. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेतली वरची मर्यादा ६००० ची. म्हणजे ओतण्याआधी ते पाच हजारांच्या आसपास, हवं तेवढंच होतं. मीठ पाण्यातून उडून जात नाही आणि कुठल्याही औषधानं काढता येत नाही, त्यामुळे चौथा हिस्सा पाणी काढून नवं भरणं एवढाच मार्ग उरला. खरा दोष निघाला तो सेलवर, म्हणजे यंत्राच्या क्लोरीन तयार करणाऱ्या भागावर, साचलेला क्षार आणि हिवाळ्यातलं थंड पाणी.

इथे उपनगरांत खाऱ्या पाण्याचे पूल घरोघरी आहेत आणि नवं घर घेणाऱ्या मराठी मंडळींचे फोन ऑक्टोबर आला की सुरू होतात. त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी मोजायचं, मग पाण्याचा प्रवाह बघायचा, मग सेल, आणि सगळ्यात शेवटी विजेचा डबा. बहुतेक लोक उलट्या टोकानं सुरुवात करतात आणि खिसा हलका करून घेतात.

यंत्र नेमकं काय करतं

क्लोरिनेटर पूलमध्ये मीठ घालत नाही आणि मीठ स्वतः पाणी स्वच्छ करत नाही. शाळेत शिकलेलं विद्युत अपघटन आठवा. फिल्टरमधून गाळून आलेलं खारं पाणी सेलमधून जातं. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर रुथेनियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. पट्ट्यांतून वीज गेली की मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार होतो, तो पाण्यात विरघळून जंतू आणि शेवाळ मारतो, आणि काम झालं की पुन्हा मीठच होतं. म्हणून मीठ संपत नाही. ते जातं फक्त बॅकवॉशमध्ये (उलट्या प्रवाहानं फिल्टर धुताना), मुलांच्या उड्यांमध्ये आणि पावसात पूल भरून वाहिला तर.

पूल खारा म्हणजे किती? समुद्राच्या पाण्यात साधारण ३५,००० पीपीएम मीठ असतं, आपल्या पूलमध्ये ४००० ते ६०००. म्हणजे लिटरला चार ते सहा ग्रॅम. माझी आई रत्नागिरीहून आली होती तेव्हा तिनं बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, “अगं, एवढं तर आपण आमटीत घालतो!”

या सगळ्यात हायड्रोजन वायूही तयार होतो. पाणी वाहत असेल तर तो वाहून जातो, पाणी थांबलं तर सेलमध्ये कोंडतो, आणि हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे. म्हणूनच प्रवाह कमी झाला की यंत्र आपणहून बंद पडतं. ते बिघडलेलं नसतं, शहाणं असतं. त्या प्रवाह-सेन्सरला बगल देऊन यंत्र चालू ठेवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पहिली पायरी: पूल किती लिटरचा आणि पाण्यात काय आहे

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजारानं गुणा. आमचा पूल ८ × ४ × १.४ मीटर, म्हणजे सुमारे ४५,००० लिटर. हा आकडा डब्याच्या आत मार्करनं लिहून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक हिशेब यावर आहे. एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. त्यामुळे ४५,००० लिटरच्या पूलमध्ये मीठ १००० पीपीएमनं वाढवायला ४५ किलो लागतं. मी ८० किलो ओतलं होतं, तेव्हा जवळजवळ १८०० नं वाढणारच होतं. हा हिशेब आधी केला असता तर चारऐवजी एक गोणी ओतून थांबले असते, किंवा एकही ओतली नसती.

आता पाणी तपासा. तपासणीच्या कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचा किंवा गोळ्यांचा संच घ्या, त्या पट्ट्यांचे रंग वाचताना घरात मतभेद होतात. पूलच्या सामानाच्या दुकानांत पाणी तपासून मिळतं, मीठ आणि स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं औषध) यांसाठी तिथे जायला हरकत नाही. फक्त तपासणीच्या कागदाखाली छापून येणारी खरेदीची यादी लगेच हातात घेऊ नका. नमुना कोपरभर खोल हात घालून घ्या, वरवरचा नको, आणि पाणी आत सोडणाऱ्या तोंडापासून लांबचा घ्या.

हवे असलेले आकडे असे: मोकळा क्लोरीन निदान १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) ८० ते १२०, कॅल्शियम २०० ते ४००, स्टॅबिलायझर ३० ते ५०, आणि मीठ तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल ते. स्टॅबिलायझर जास्त असेल तर क्लोरीनही त्या प्रमाणात जास्त लागतो, म्हणून ५० स्टॅबिलायझरला मी क्लोरीन तीनच्या जवळ ठेवते.

यात एक फसगत होते. बाटलीतला क्लोरीन भरपूर ओतून लगेच तपासलं आणि नमुन्यात रंगच आला नाही, तर क्लोरीन शून्य आहे असं वाटतं. क्लोरीन असला की गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी पद्धतीत क्लोरीन फार जास्त असला तर तो आलेला गुलाबी रंगही खाऊन टाकतो. थेंब पडताच गुलाबी झाक येऊन विरली तर ही खूण समजा. अशा वेळी नमुन्यात तेवढंच पिण्याच्या बाटलीतलं पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि उत्तर दुप्पट करा.

दुसरी पायरी: क्लोरीन तयार होत नाही की टिकत नाही?

क्लोरीन कमी निघाला की सगळे यंत्राला दोष देतात. पण मडक्यात पाणी टिकत नसेल तर नळ बंद आहे की मडकं गळतंय, हे आधी बघायला नको का?

संध्याकाळी ऊन गेल्यावर क्लोरिनेटरचं उत्पादन शून्यावर करा, पंप तासभर चालवून पाणी ढवळू द्या आणि क्लोरीन मोजा. क्लोरीन निदान दोन-तीन पीपीएम असेल तरच ही चाचणी कामाची, नसेल तर आधी थोडा द्रव क्लोरीन घालून घ्या. पहाटे, सूर्य उगवण्याआधी, पुन्हा मोजा. रात्री ऊन नव्हतं आणि कोणी पोहलं नाही, तरी १ पीपीएमपेक्षा जास्त क्लोरीन गेला असेल, तर तो शेवाळानं किंवा कुजलेल्या पानांनी खाल्लाय. पाणी अजून हिरवं दिसत नसलं तरी शेवाळ आहे. अशा वेळी क्लोरिनेटर शंभर टक्क्यांवर ठेवून वाट बघणं व्यर्थ. उत्पादन आणि नाश यांची शर्यत यंत्र जिंकत नाही. द्रव क्लोरीन आणा. साडेबारा टक्क्यांच्या द्रवात लिटरमागे सुमारे १२५ ग्रॅम क्लोरीन असतो, म्हणजे ४५,००० लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला साडेतीन लिटरच्या थोडं वर लागेल. संध्याकाळी ओता, भिंती ब्रशनं घासा, रात्रभर पंप चालू ठेवा. रात्रीची घट थांबेपर्यंत हेच करा, आणि क्लोरीन खाली येईपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नका.

रात्री क्लोरीन टिकतो पण दुपारपर्यंत नाहीसा होतो, तर स्टॅबिलायझर बघा. त्याचं नाव सायन्युरिक अॅसिड. तो नसेल तर ब्रिस्बेनचं ऊन दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन संपवतं. १० वरून ५० पीपीएमवर न्यायला आमच्या पूलला १.८ किलो लागतं. जुन्या मोज्यात भरून पाणी आत येतं तिथे टांगून ठेवायचं. ते हळूहळू विरघळतं, आकडा आठवड्यानं मोजा, तोवर दुसरा डबा ओतू नका. मिठासारखाच हाही जास्त झाला तर पाणी काढण्यावाचून उपाय नाही.

रात्रीही टिकतो, स्टॅबिलायझरही ठीक, तरी सकाळी आकडा वाढत नाही? आता यंत्राकडे वळा.

तिसरी पायरी: पाणी नीट वाहतंय का

‘नो फ्लो’चा दिवा लागला तर दहातल्या बहुतेक वेळा उत्तर कचऱ्यात असतं. आमच्या गल्लीत ऑक्टोबरमध्ये जॅकरांडा फुलतो, सगळं आकाश जांभळं. फोटोला सुंदर, पण ती फुलं ओली झाली की लगदा होऊन स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीला लिंपून बसतात. त्यानंतर चाफ्याचा बहर येतोच.

पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत हवी, खाली गेली तर पंप हवा ओढतो. स्किमरची टोपली रिकामी करा. पंप बंद करून पंपाच्या झाकणाखालची टोपलीही काढा, नवे घरमालक ही दुसरी टोपली हमखास विसरतात, मीही पहिले तीन महिने तिला पाहिलं नव्हतं. झाकणाची रबरी ओ-रिंग पुसून तिला सिलिकॉनचं ग्रीस लावा. व्हॅसलिन नको, त्यानं रबर फुगतं. पंपाच्या पारदर्शक झाकणातून बुडबुड्यांची रांग दिसत राहिली तर कुठून तरी हवा शिरते आहे आणि पहिला संशय याच रिंगवर घ्यावा.

मग फिल्टरचा दाबमापक. बॅकवॉश केल्यानंतर काटा कुठे असतो ते एकदा लिहून ठेवा. त्यापेक्षा ५० ते ७० किलोपास्कल वर गेला की पुन्हा बॅकवॉश करायची वेळ झाली. दाब नेहमीपेक्षा कमी असेल तर अडथळा फिल्टरच्या आधी, टोपल्यांत किंवा पंपात आहे.

आणि टायमर बघा. जुन्या गोल टायमरचं घड्याळ वीज गेली की थांबतं आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतं. एका वादळानंतर आमचा क्लोरिनेटर मध्यरात्री ऊन शोधत होता. उन्हाळ्यात आठ तास तरी यंत्र चाललं पाहिजे. आमचं यंत्र तासाला २५ ग्रॅम क्लोरीन बनवणारं आहे. आठ तास पूर्ण क्षमतेनं म्हणजे २०० ग्रॅम, ४५,००० लिटरमध्ये साधारण साडेचार पीपीएम. उन्हाळ्यात पूल दिवसाला तीन-चार सहज खातो. उत्पादन पन्नास टक्क्यांवर असेल तर हिशेब जमतच नाही, आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

चौथी पायरी: सेल

पुण्यात बोअरच्या पाण्यावर गिझर चालवला असेल तर कॉइलवर चढणारा पांढरा थर तुम्ही पाहिलाच असेल. सेलवर तोच पाहुणा येतो. पट्ट्यांजवळ पीएच वर चढतो आणि पाण्यातला कॅल्शियम तिथे चिकटतो. थर आला की वीज कमी वाहते, आणि यंत्राला मीठ ‘दिसतं’ ते या विजेवरूनच. वीज कमी, म्हणजे मीठ कमी, असा त्याचा साधा हिशेब. पाणी थंड असलं तरी वीज कमी वाहते. सेल म्हातारा झाला तरी तेच. आमच्या जुलैच्या दिव्यामागे पहिली दोन कारणं होती. थंडीत, पाणी १५ अंशांच्या आसपास आलं की काही यंत्रं हा दिवा लावतात किंवा उत्पादन कमी करतात. तेव्हा शेवाळही मंद वाढतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

सेल धुण्याआधी तो बघा. यंत्र बंद करा, भिंतीतला प्लग काढा, पंप बंद असल्याची खात्री करा, पूलची पातळी यंत्रापेक्षा वर असेल तर व्हॉल्व बंद करा, मग सेल काढून उजेडात धरा. पट्ट्या काळपट आणि स्वच्छ असतील तर परत बसवा. विनाकारण अॅसिडनं धुतला की लेप झिजतो, आणि लेप गेला की सेल गेला. काही यंत्रं थोड्या थोड्या तासांनी विजेची दिशा उलटी करून थर आपणच झटकतात. पण पीएच सतत आठच्या वर राहिला तर त्यांनाही थर चढतो.

थर असेल तर आधी बागेच्या नळीनं धुवा, सुटे पापुद्रे लाकडी काडीनं काढा. स्क्रू ड्रायव्हर, तारेची घासणी, काहीही धातूचं लावू नका. उरलेल्यासाठी हायड्रोक्लोरिक अॅसिड. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा भाग पाणी घ्या आणि त्यात एक भाग अॅसिड सावकाश ओता. अॅसिडात पाणी कधीही नाही, ते उसळून अंगावर येतं. सेल असा उभा करा की पट्ट्या बुडतील पण वायर जोडायची टोकं कोरडी राहतील. फेस येईल, चुरचुरेल. फेस थांबला की काढा, दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नका. स्वच्छ पाण्यानं खळखळून धुवा. वापरलेलं पाणी पंप चालू असताना खोल बाजूला थोडं थोडं सोडलं तरी चालतं, पीएच जरा उतरेल आणि खाऱ्या पूलमध्ये तो बहुधा उतरवायचाच असतो. अॅसिडची आणि क्लोरीनची बाटली मात्र एकाच कपाटात ठेवू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाचवी पायरी: सेल जिवंत आहे का

सेल परत बसवला, सगळं चालू केलं, उत्पादन शंभर टक्के. सेलचं आवरण पारदर्शक असेल तर आत दुधाळ धूर उठल्यासारखे बारीक बुडबुडे दिसायला हवेत. आणखी खात्रीची चाचणी अशी: तासाभरानं दोन नमुने घ्या, एक पूलमध्ये पाणी आत सोडणाऱ्या तोंडाशी बाटली लावून, दुसरा समोरच्या टोकाचा. तासाला २५ ग्रॅमचा सेल आणि तासाला १५,००० लिटरचा प्रवाह असेल, तर तोंडाशी क्लोरीन दीड पीपीएमनं तरी जास्त दिसला पाहिजे. दोन्ही नमुने सारखेच आले, मीठ बरोबर आहे, पाणी उबदार आहे, पट्ट्या स्वच्छ आहेत, तर सेल संपला. साधारण तीन ते सात वर्षं हे त्याचं आयुष्य असतं, म्हणून घर घेतानाच मालकाला विचारायचा प्रश्न म्हणजे ‘सेल कधी बदलला?’ नवा सेल काहीशे डॉलरचा असतो. आधी वॉरंटी बघा, मग मॉडेलचा क्रमांक सेलवरूनच वाचून मागवा, नुसत्या दिसण्यावरून नको. बसवल्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहा.

मुसळधार पावसानंतर मात्र ‘मीठ कमी’ खरं असू शकतं. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्बेनमध्ये पूर आला तेव्हासारखा पाऊस झाला की पूल दिवसेंदिवस ओसंडत राहतो आणि मीठ धुऊन जातं. तेव्हाही आधी मोजा, हिशेबातल्या मिठाच्या तीन चतुर्थांश ओता, ब्रशनं ढवळा, चोवीस तास पंप चालवा, पुन्हा मोजा, मग उरलेलं. गोण्या ओढताना कुंपणाचं फाटक दगड लावून उघडं ठेवायचा मोह होतो. घरात लहान मूल असो वा नसो, ते करू नका.

आणि माझ्यासारखं जास्त झालंच, पाणी काढायचंच झालं, तर एकदम सगळा पूल उपसू नका, विशेषतः पावसाळी दिवसांत. जमिनीतलं पाणी खालून दाबतं आणि रिकामा फायबरग्लासचा पूल नावेसारखा वर उचलला जातो. खारं पाणी कुठे सोडायचं याचे कौन्सिलचे नियम आधी विचारून घ्या. शेजाऱ्याच्या आंब्याच्या मुळाशी तर नकोच.

डबा

पाणी ठीक, प्रवाह ठीक, सेल ठीक, आणि डब्यावर एकही दिवा नाही? स्विचबोर्डमधला सेफ्टी स्विच पडलाय का बघा, त्याच सॉकेटमध्ये दुसरं काही लावून वीज येते का पाहा. सेलच्या वायरीच्या टोकांवर हिरवट गंज किंवा वितळल्याची खूण आहे का, तेही प्लग काढूनच बघा. सेफ्टी स्विच पुन्हा पडला तर परत वर करू नका. आपलं काम इथे संपतं. डबा उघडायचा तो लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननं. आपल्याकडे वाड्यातला कोणीही काका फ्यूज बांधून देत असे, पण इथे ते बेकायदा आहे आणि खाऱ्या पाण्याशेजारी जीवघेणंही.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमचा डबा असाच एका सकाळी मेला. मला आठवत होतं, काही रात्री तिकडून चुकचुक ऐकू येत होती. इलेक्ट्रिशियननं झाकण काढलं तर सर्किट बोर्डवर वाळलेली पाल. आशियातून इथे येऊन स्थायिक झालेली, अगदी आपल्या ओळखीची घरपाल. थंडीत त्या उबेला डब्यात शिरतात आणि बोर्ड जाळतात, हे त्याच्या रोजच्यातलं होतं. त्यानं बोर्ड बदलला, आणि वायर आत जाते त्या भोकाला बारीक जाळी लावून दिली.